माझे पूर्वपक्ष

तत्त्वज्ञानाच्या एका त्रैमासिकाच्या संपादकांनी मला माझ्या विचारांची जडणघडण लिहून द्यायला सांगितले. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान शिकवलेल्या आणि त्यात थोडेफार स्वतःचे काम केलेल्या माणसांची एक लेखमाला त्यांना करायची होती. "सर, निबंध नको आणि नुसते जीवनचरित्रही नको. काय विचार केलात, तो तसाच का केलात, आणि जगण्याशी त्याचे नाते काय, एवढे सांगा," असे ते फोनवर म्हणाले. मी होकार दिला. पुढे ते लिखाण कसकसे घडत गेले त्याची ही हकिगत आहे. एखादे काम आयुष्यभर मन लावून केलेली माणसे कधी ना कधी असे काही लिहायला बसतात. त्यांना यातले काही उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे.

माझी अडचण माझ्या विषयातच होती. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले. पहिल्या वर्षाच्या मुलांना तर्कशास्त्र, पुढच्यांना भारतीय दर्शने आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान. माझे स्वतःचे म्हणता येईल असे काम आहे ते स्मृती आणि आत्मा या विषयावर. आपण काल जे होतो तेच आज आहोत हे कशावरून, आणि आठवण त्याची साक्ष देऊ शकते का, या प्रश्नापाशी मी तरुणपणी आलो आणि तिथेच राहिलो. ज्या न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, मी हे काम केले ते तर स्मृतीला प्रमाच, म्हणजे यथार्थ ज्ञानच, मानत नाही. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, स्मृती आणि अनुभव. केवळ संस्कारातून, म्हणजे मागच्या अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशातून, उपजते ती स्मृती. प्रत्यक्ष, अनुमिती (अनुमानाने झालेले ज्ञान), उपमिती (साम्यावरून झालेले) आणि शाब्द (कोणाच्या सांगण्यावरून झालेले) हे अनुभव. प्रमा म्हणून मान मिळतो तो यथार्थ अनुभवाला. आठवण खरी ठरते ती मूळ अनुभव खरा असेल तरच. तिचे सत्य उसने असते. मग अथपासून इतिपर्यंत आठवणींवर उभ्या राहणाऱ्या लिखाणाला न्यायशास्त्राचा माणूस काय किंमत देणार? हा प्रश्न मला फार खरा वाटत होता. त्याला बगल देऊन लिहिणे मला शक्य नव्हते.

पहिला खर्डा मी काळाच्या क्रमाने लिहिला. निफाड तालुक्यातले गाव, शाळा, नाशिकला कॉलेज, पुणे विद्यापीठात एम.ए., नोकरी, लेख, निवृत्ती. तो लवकर लिहून झाला आणि लवकर बाजूला पडला. त्यात माणूस दिसत होता, पण त्याने विचार का केला असावा ते दिसत नव्हते.

दुसरा खर्डा विचारांच्या क्रमाने लिहिला, आणि त्यावर मी बरेच कष्ट घेतले. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून सुरुवात केली. आपल्या मोठ्या ग्रंथाच्या १६९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत लॉकने एक प्रकरण नव्याने घातले. मागची कृती आपलीच म्हणून जाणिवेत येते तिथपर्यंत माणूस तोच, असे त्यात म्हटले आहे. मग १७३६ सालचा बिशप बटलरचा आक्षेप : स्मृती ही व्यक्तीचे सातत्य गृहीत धरते, ती त्याला जन्म कशी देईल? मग १७८५ साली टॉमस रीडने मांडलेला शूर अधिकारी. लहानपणी फळबागेत चोरी केली म्हणून त्याला फटके बसले. तरुणपणी त्याने शत्रूचा झेंडा हस्तगत केला, तेव्हा त्याला फटके आठवत होते. म्हातारपणी तो सेनापती झाला, तेव्हा झेंडा आठवत होता पण फटके आठवत नव्हते. लॉकचे मानायचे तर सेनापती म्हणजे तो तरुण अधिकारी, तरुण अधिकारी म्हणजे तो मुलगा, आणि तरीही सेनापती तो मुलगा नव्हे. तिथून मी न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांकडे वळलो. न्यायकुसुमांजलीत त्यांचे प्रसिद्ध वचन आहे, 'नान्यदृष्टं स्मरत्यन्यः', एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. ज्या अर्थी मला आठवते त्या अर्थी पाहणारा आणि आठवणारा एकच, आणि शरीर तर बदलत गेले, म्हणून आत्मा टिकणारा. या वाटेने जात जात मी माझ्या भूमिकेपर्यंत पोहोचलो, असे त्या खर्ड्यात लिहिले होते.

खर्डा वाचायला चांगला होता. एकातून दुसरे निघत होते, कुठे खाच नव्हती. पण वाचून झाल्यावर माझे समाधान होईना. हे असे घडले होते का? मी लॉक वाचला, मग बटलर, मग रीड, आणि शंका वाढत वाढत उदयनाकडे गेलो, असा माझ्या मनाचा प्रवास होता का? आठवण 'हो' म्हणत होती. आणि आठवणीचे सत्य उसने असते हे तर मी वर्गात शिकवत आलो होतो. तेव्हा ज्या अनुभवातून ही आठवण आली तिथपर्यंत जाण्याची काही सोय करणे भाग होते.

माझ्याकडे जुन्या वह्या होत्या. विद्यार्थी असल्यापासून मी वाचलेल्याची टिपणे तारखेनिशी ठेवत आलो आहे. त्या सगळ्या ट्रंकेतून काढल्या, ऊन दाखवले, वर्षानुसार लावल्या आणि पहिल्यापासून वाचायला घेतल्या. हे काम कंटाळवाणे असेल असे घरच्यांना वाटले. मला मात्र त्यात फार आनंद मिळाला. पंचवीस वर्षांच्या मुलाचे हस्ताक्षर ओळखीचे होते, पण तो जे मुद्दे अधोरेखित करत होता ते मी आज केले नसते. त्याला ज्याची घाई होती ती मला राहिलेली नाही.

त्या वह्यांतून एक क्रम दिसला, आणि तो माझ्या खर्ड्यातल्या क्रमाच्या बरोबर उलटा होता.

रीडच्या सेनापतीवरचे पहिले सविस्तर टिपण ज्या दिवशीचे आहे त्याच पानाच्या वरच्या भागात वडिलांच्या औषधांची नावे आहेत. आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो. अण्णांना विस्मरण जडले ते हळूहळू. आधी माणसांची नावे गेली, मग नाती गेली. मी शनिवारी गावी जायचो. एकदा ओट्यावर त्यांच्याजवळ बसलो आणि विचारले, "अण्णा, मी कोण?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "पाहुणे दिसता. नाशिकचे का?"

आमची द्राक्षबाग आहे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तेव्हा काडी अगदी एका-दोन डोळ्यांवर आणतात; डोळा म्हणजे काडीवरची फूट येण्याची जागा. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, तिला आमच्याकडे गोडी छाटणी म्हणतात. ही दुसरी अवघड. काडीवरच्या कोणत्या डोळ्यात घड आहे ते ओळखून त्याच्या पुढे कात्री चालवायची असते. अलीकडे काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेतात; अण्णांच्या काळी ते काडीच्या जाडीवरून, रंगावरून, पेऱ्यांच्या अंतरावरून हाताला कळायचे. एक घाव चुकला तर त्या काडीचे पीक गेले.

तर त्या ऑक्टोबरात, मला पाहुणा म्हणणारे अण्णा बागेत उभे राहून छाटणी करत होते. माझा धाकटा भाऊ त्यांच्या मागे चालत होता, हात चुकला तर थांबवायला. त्याला थांबवावे लागले नाही. अण्णा काडी उचलायचे, अंगठ्याने खालपासून वर चाचपायचे, क्षणभर थांबायचे आणि कापायचे. कोणती बाग, कोणाची बाग, हे त्यांना सांगता आले नसते. आज कोणता वार आहे, बायकोचे नाव काय, हेही नाही. डोळा मात्र कळत होता.

मी सोमवारी वर्गात लॉक शिकवायला उभा राहिलो आणि जाणिवेत परत येत नाही ते त्या माणसाचे नाही, हे वाक्य मला उच्चारता येईना. अण्णांच्या जाणिवेत मी परत येत नव्हतो. मग बागेत जो उभा होता तो कोण? त्या आठवड्यात मी रीड काढून वाचला. त्यानंतर न्यायशास्त्रातले संस्काराचे प्रकरण पुन्हा वाचले. संस्कार दिसत नाही, जाणवतही नाही, तो केवळ त्याच्या कार्यावरून अनुमानाने कळतो, हे मी परीक्षेपुरते शिकलो होतो. आता ते माझ्या डोळ्यांसमोर होते. स्मृती सुटलेली, आणि संस्कार हातात शाबूत. पुढे त्यावर मी जो निबंध लिहिला त्यात लॉक आहे, रीड आहे, उदयन आहे. अण्णा नाहीत, बाग नाही. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ते असायचे कारणही नव्हते. पण विचार कसा घडला हे सांगायचे असेल, तर निबंधाचा क्रम घेऊन चालणार नाही. निबंधात हेतू, म्हणजे निष्कर्षाला आधार देणारे कारण, आधी आणि निष्कर्ष नंतर येतो. माणसात पुष्कळदा आधी एक नकार येतो, 'हे असे नाही', आणि त्या नकाराला आधार शोधत तो ग्रंथांकडे जातो. त्याने त्या आधाराची किंमत कमी होत नाही. उलट मला तर वाटते, असा गरजेने शोधलेला हेतू माणूस अधिक कसून पारखतो.

हे ध्यानात आल्यावर मी दुसऱ्यांनी आपल्या विचारांची हकिगत कशी सांगितली आहे ते नव्याने वाचले. पूर्वी ही पुस्तके मी त्यांतल्या सिद्धान्तांसाठी वाचली होती, आता ती लिहिण्याच्या रीतीसाठी वाचली. इंग्लिश तत्त्वज्ञ कॉलिंगवुड याचे आत्मचरित्र १९३९ सालचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो लंडनमध्ये कामावर जाताना रोज एका भल्यामोठ्या स्मारकावरून जायचा. ते त्याला अत्यंत कुरूप वाटायचे. मग त्याने स्वतःला विचारायला सुरुवात केली, की करणाऱ्याला काय करायचे होते, त्याच्यासमोर प्रश्न कोणता होता? त्यातून त्याचा एक मोठा विचार निघाला. कोणतेही विधान हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न कळल्याशिवाय विधान कळत नाही. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला विसाव्या वर्षी, १८२६ साली, आयुष्य पोकळ वाटू लागले तेही एका प्रश्नाने. आपली सगळी उद्दिष्टे आत्ता पूर्ण झाली तर आपण सुखी होऊ का, असे त्याने स्वतःला विचारले आणि आतून 'नाही' असे उत्तर आले.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी आपले तुकोबा. त्यांनी आपल्या आयुष्याची हकिगत एका अभंगात सांगितली आहे. जात, व्यवसाय, दुष्काळ, अन्न अन्न करत गेलेली बायको, देऊळ दुरुस्त करायचा विचार, पाठ केलेली संतवचने, स्वप्नातला गुरूपदेश, बुडवलेल्या वह्या. पण सुरुवातीलाच ते म्हणतात, की हे खरे तर बोलू नये, तुम्ही संतांनी प्रश्न केला म्हणून वचन पाळतो. हा अभंग मला शाळेपासून माहीत आहे. या वेळी वाचताना मी त्या ओळीपाशी थांबलो. तुकोबांसारखा माणूसही आपले चरित्र आपणहून सांगत नाही. कोणी विचारले म्हणून सांगतो.

तिथे मला लिखाणाचा आकार सापडला. माझ्या आयुष्यात मला कोणी, कोणता प्रश्न घातला? कोणाच्या आक्षेपाने मी जागचा हललो? आपल्या शास्त्रग्रंथांची रीत हीच आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मग उत्तर. उदयनाचार्यांचा आत्मतत्त्वविवेक बौद्धांविरुद्ध लिहिला आहे, पण त्यात बौद्धांचे म्हणणे इतके बारकाईने येते की आज आपण त्यातून बौद्ध मते अभ्यासू शकतो. अमेरिकेत पॉल शिल्प यांनी १९३९ साली हयात तत्त्वज्ञांवर एक ग्रंथमाला सुरू केली, तिचीही मांडणी साधारण अशीच. आधी तत्त्वज्ञाचे आत्मकथन, मग टीकाकारांचे लेख, मग त्यांना उत्तरे. पहिला खंड अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंवर होता, १९५२ सालचा राधाकृष्णन यांच्यावर. मी ठरवले, की आपण आत्मकथन आणि आक्षेप असे वेगळे करायचेच नाहीत. प्रकरणे आक्षेपांचीच करायची. प्रत्येक प्रकरणात ज्याने मला अडवले त्याचे म्हणणे आधी, पूर्ण ताकदीने, आणि मग माझे.

पहिले प्रकरण पंचवटीतल्या शास्त्रीबुवांचे. एम.ए. करून नाशिकला परतलो तेव्हा मला पाश्चात्त्य तर्कशास्त्र येत होते आणि न्याय इंग्रजी पुस्तकांतून माहीत होता. बुवांकडे मूळ ग्रंथ शिकायला गेलो. रविवार कारंजाजवळ माझी खोली होती. संध्याकाळी होळकर पुलावरून गंगा (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) ओलांडायची, काळारामाच्या देवळावरून पुढे जायचे, आणि बुवांच्या वाड्यात माडीवर पाठ. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की बुवा निरोप पाठवायचे, आज येऊ नकोस. ते एक ओळ सांगायचे आणि तिच्यावर मला बोलायला लावायचे. मी मोठ्या हौसेने बोलायचो. सगळे ऐकून घेऊन ते म्हणायचे, "हे तू कोणाला सांगतोयस? समोर कोण आहे?" समोर कोणी नसेल तर वाक्याला धार येत नाही, असे त्यांचे मत. म्हणून मग ते स्वतः बौद्ध व्हायचे, चार्वाक व्हायचे, मीमांसक व्हायचे आणि मला पार निरुत्तर करायचे. चार्वाक झाले की इतके मनापासून व्हायचे, की स्नानसंध्या करणारा हा माणूस आत्मा नाहीच हे मला जवळजवळ पटवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी ते नैयायिक, म्हणजे न्यायमताचे, व्हायचे आणि मी चार्वाक.

बुवा आता नाहीत. त्यांचा पूर्वपक्ष मलाच लिहायचा होता, आणि सगळ्या लिखाणात हे सर्वांत कठीण गेले. हयात माणूस आपल्याला दुरुस्त करतो. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचे शब्द घालायचा मोह होतो. मी त्यावर एक उपाय केला. त्यांच्या वाक्यांपैकी जी माझ्या त्या काळच्या वह्यांत लिहिलेली आहेत तेवढीच घेतली. नुसती आठवणारी, पण वहीत नसलेली, कितीही सुंदर असली तरी सोडली. प्रकरण त्यामुळे लहान झाले. पण त्यात बुवा आहेत याची मला खात्री आहे.

अण्णांचे प्रकरण लिहून मी आईला वाचून दाखवले आणि भावाला पाठवले. आई आता फार थकली आहे, पण तिने सगळे लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाली, "कात्री मी द्यायची त्यांच्या हातात. तोवर नुसते उभे राहायचे." भावानेही तेच सांगितले. रोज सकाळी आई त्यांना बागेच्या कडेपर्यंत न्यायची, कात्री हातात ठेवायची, पहिली काडी उचलून समोर धरायची. मग हात आपोआप चालू व्हायचे. शनिवारी मी पोहोचायचो तोवर छाटणी रंगात आलेली असायची, म्हणून हे माझ्या वहीत असणे शक्यच नव्हते. न्यायशास्त्रात संस्काराला जागे करणारे काहीतरी लागते, त्याला उद्बोधक म्हणतात. अण्णांच्या संस्काराला उद्बोधक होती ती आई. माझ्या जुन्या निबंधात संस्कार होता तो एकट्या माणसाच्या आत. आईच्या एका वाक्याने तो दोघांत आला. मी प्रकरण पुन्हा लिहिले.

आणि तिसरे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचे. मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते हेच.

एम.ए.च्या वर्गात मी 'नान्यदृष्टं स्मरत्यन्यः' शिकवत होतो. एका माणसाचे दुसऱ्याला आठवत नाही, यात कोणाला शंका असायचे कारण नाही, असे मी म्हणालो. येवल्याकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आम्ही काळारामला बसलो होतो."

वर्गातल्या काही मुलांना कळले नाही. मला कळले. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख कार्यकर्ते. आसपासच्या गावांतून हजारो माणसे आली, बायाही आल्या. देवळाची दारे बंद केली गेली आणि सत्याग्रही दारांशी बसून राहिले. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह काही वर्षे चालला आणि दारे उघडली नाहीत. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यालाच बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या मुलीची आजी लहान वयात आपल्या वडिलांबरोबर त्या दाराशी बसली होती.

मी शास्त्राला धरून उत्तर दिले. म्हणालो, तुला ते आठवत नाही, तुला ते माहीत आहे. आजी ही आप्त, म्हणजे जिच्या शब्दावर विसंबता येते अशी, तिचे सांगणे हे शब्दप्रमाण, त्यातून झाले ते शाब्दज्ञान. ती म्हणाली, "पांडवलेण्यातल्या शिलालेखावरून सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्रीही मला माहीत आहे. तेही शब्दानेच. पण तिथे माझे पाऊल अडखळत नाही. काळारामाच्या दाराशी अडखळते. तुम्हीच सांगितले, संस्कार कार्यावरून ओळखायचा. मग हे कार्य कशाचे?"

तास संपला. तिच्या प्रश्नाने मला पुढची कितीतरी वर्षे कामाला लावले. आधी मी न्यायाच्या आतच तिच्यासाठी वाट शोधली, आणि ती निघाली. शाब्दज्ञान हाही अनुभवच आहे. अनुभव आहे तर त्यातून संस्कार होणार, आणि संस्कारातून स्मृती. शिवाय शाब्दज्ञानाचा विषय ते वाक्य नसून वाक्याने सांगितलेली घटना असतो. म्हणजे आजीच्या सांगण्यातून तिला झालेल्या ज्ञानाचा विषय खुद्द सत्याग्रह, आणि तिच्या स्मृतीचा विषयही तोच. 'सत्याग्रह झाला' हे ती शास्त्रशुद्धपणे आठवू शकते. हे मी बुवांना जाऊन सांगितले, तेव्हा ते हयात होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इथवर ठीक. पण ती 'झाला' म्हणत नाही. ती 'बसलो होतो' म्हणते. तो 'आम्ही' कुठून आणशील?" हे वाक्य वहीत आहे, तारखेसकट.

तो 'आम्ही' मला न्यायात सापडला नाही. उदयनांना एका देहात टिकणारा एक आत्मा सिद्ध करायचा होता, घराण्यांचा किंवा समाजांचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. पण एखाद्या सिद्धान्तापुढे प्रश्न नव्हता म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही. मी हळूहळू या मतावर आलो, की काही अनुभव एकट्याला येतच नाहीत. दारे बंद केली जातात ती एका माणसासाठी नसतात, ती 'तुम्हां सगळ्यांसाठी' बंद होतात. ज्याच्यावर आघात झाला तोच जर 'आम्ही' असेल, तर त्या आघाताचा संस्कारही 'आम्ही'तच राहणार, आणि आठवणार कोण, तर जो जो त्या 'आम्ही'त मोजला जातो तो. न्यायाच्या चौकटीत हे बसत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या सगळ्या कामात जो थोडासा भाग खरोखर माझा आहे तो हाच, आणि त्याचा अर्धा वाटा त्या मुलीचा आहे. आता ती स्वतः शिकवते.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी तिला पाठवले. तिचे सविस्तर पत्र आले. तिने काही तपशील दुरुस्त केले, आजीबद्दल दोन गोष्टी नव्याने सांगितल्या. आणि शेवटी लिहिले :

"सर, अण्णांचे प्रकरणही वाचले. एक विचारते. अण्णांच्या हातात संस्कार आहे, हे तुम्ही त्यांना छाटणी करताना पाहताक्षणी मानलेत. माझ्या पावलात संस्कार आहे, हे मानायला तुम्हाला शाब्दज्ञानापासून वाट काढत यावे लागले. दोन्हीकडे तुमच्याजवळ कार्यच होते, कारण कुठेच दिसत नव्हते. हा फरक का?"

मी उत्तर लिहायला घेतले आहे. पहिला मुद्दा सोपा आहे : अण्णांनी छाटणी स्वतः अनुभवलेली होती, तिने सत्याग्रह अनुभवलेला नव्हता, आणि न्यायाला हा फरक महत्त्वाचा. पण ती हा मुद्दा जाणून आहे, तरी विचारते आहे. आणि लिहिता लिहिता मलाच दिसू लागले, की अण्णांच्या हातातली छाटणी तरी त्यांच्या एकट्याच्या अनुभवाची कुठे होती? काडी कशी चाचपायची ते त्यांना आजोबांनी दाखवले. कोणत्या डोळ्यात घड असतो हे आमच्या भागातल्या कितीतरी बागायतदारांनी पिके घालवून शिकलेले ज्ञान होते, ते त्यांच्या अंगठ्यात उतरले होते. मग पहिला मुद्दा टिकत नाही. तो टिकत नसेल तर अण्णांचे सगळे प्रकरण 'आम्ही'च्या बाजूला सरकते, आणि उदयनांना मी जेवढा वाटा दिला आहे तो कमी करावा लागतो. तसे करायची माझी तयारी आहे, पण त्याआधी बुवांच्या रीतीने एकदा नैयायिक होऊन पाहायचे आहे, की त्याच्याकडे यावर काही उत्तर उरते का.

संपादकांना मी कळवले आहे, की तीन प्रकरणे आत्ता घ्या, तिचे पत्र तिच्या परवानगीने जसेच्या तसे त्यांच्यानंतर छापा, आणि माझे उत्तर पुढच्या अंकासाठी धरा.